नाव ‘फायनल’, प्रकार कर्व्हज

प्रश्न : लग्नाच्या अल्बमचं डिझायनिंग हा माझा धंदा. दुसऱ्यांनी बनवलेल्या पीएसडी टेम्प्लेट घेऊन फोटोशॉपमध्ये काम करतो. एकेका फाइलमध्ये शे-दीडशे लेयर असतात. त्यातले सगळे कर्व्हज एका फटक्यात बंद करता यावेत म्हणून लेयरच्या नावात ‘कर्व्हज’ हा शब्द शोधणारी स्क्रिप्ट लिहिली, पण ती निम्मे लेयर सोडून देते. नाव न बघता लेयरचा खरा प्रकार स्क्रिप्टला कळू शकतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कळतो, आणि तो विचारणं नाव शोधण्यापेक्षा सोपं आहे. तुमची स्क्रिप्ट चुकीच्या जागी बघते आहे, एवढंच.

फोटोशॉप लेयरला नाव देतं ते फक्त तो तयार होताना. पुढे त्याचं ‘स्किन’, ‘ग्लो’, ‘फायनल’ आणि मग अपरिहार्यपणे ‘फायनल 2’ होतं. टेम्प्लेट जर्मन किंवा जपानी आवृत्तीत बनलेली असेल, तर मुळातलं नावही त्याच भाषेत असतं. प्रकार मात्र फाइलमध्ये स्वतंत्रपणे नोंदलेला असतो. कर्व्हजसारखे अ‍ॅडजस्टमेंट लेयर 1996च्या फोटोशॉप 4मध्ये आले. पीएसडी फाइलच्या पोटात अशा प्रत्येक लेयरसोबत चार अक्षरांची खूण असते : लेव्हल्सची एल-ई-व्ही-एल, कर्व्हजची सी-यू-आर-व्ही, इन्व्हर्टची एन-व्ही-आर-टी. ह्यू-सॅच्युरेशनची खूण एच-यू-ई आणि पुढे 2 अशी आहे, कारण फोटोशॉप 5मध्ये त्याची मांडणी बदलली आणि जुन्या फाइली उघडता याव्यात म्हणून जुनी खूणही ठेवावी लागली. डिझायनरने लेयरचं बारसं दहा वेळा केलं तरी या खुणेला धक्का लागत नाही.

स्क्रिप्टमध्ये ही माहिती ‘लेयर.काइंड’ या गुणधर्मातून मिळते. (इथे सगळं देवनागरीत छापतो आहोत, तुम्ही अर्थातच रोमन लिपीत लिहाल.) त्याची तुलना ‘लेयरकाइंड.कर्व्हज’शी करायची, जुळलं की त्या लेयरचं ‘व्हिजिबल’ फॉल्स करायचं. लेयरकाइंडच्या यादीतली नावं कॅपिटल अक्षरांत आणि मधे जागा न सोडता लिहायची असतात. मेन्यूत जे ‘इन्व्हर्ट’ आहे ते या यादीत ‘इन्व्हर्जन’ म्हणून येतं; हे माहीत नसलं तर एक संध्याकाळ वाया जाते. 2012च्या सीएस 6मध्ये कलर लुकअप आल्यावर अ‍ॅडजस्टमेंटचे प्रकार 16 झाले. अलीकडच्या आवृत्त्यांत आणखी भर पडली आहे, म्हणून ‘यांपैकी काहीच नाही’ अशी शेवटची फांदी स्क्रिप्टमध्ये ठेवाच.

एवढं करूनही काही कर्व्हज सुटले, तर ते ग्रुपमध्ये आहेत असं समजा. ‘डॉक्युमेंट.आर्टलेयर्स’ फक्त सर्वांत वरच्या पातळीवरचे लेयर देतं. ग्रुप म्हणजे ‘लेयरसेट’, त्याला काइंड नसतोच. म्हणून ‘डॉक्युमेंट.लेयर्स’वर फिरायचं, ‘टाइपनेम’ लेयरसेट निघालं की त्याच्या आतल्या लेयर्सवर तेच फंक्शन पुन्हा चालवायचं. अल्बमच्या टेम्प्लेटमध्ये ग्रुपात ग्रुप असतात, तेव्हा ही पायरी टाळता येणार नाही.

दुसरा फसवा प्रकार सॉलिड कलरचा. सॉलिड कलर, ग्रेडियंट आणि पॅटर्न हे फिल लेयर. लेयर पॅनेलखालच्या ज्या बटणातून कर्व्हज येतात त्याच बटणातून तेही येतात म्हणून लोक त्यांनाही अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. ते एकवेळ चालेल. पण पेन टूलने किंवा रेक्टँगलने काढलेल्या शेप लेयरचा काइंड विचारला तरी उत्तर ‘सॉलिडफिल’ असंच येतं. त्या उत्तरावर विसंबून सगळे सॉलिड कलर उडवणारी स्क्रिप्ट फोटोंच्या चौकटीही उडवून टाकेल.

इथे अ‍ॅक्शन मॅनेजर, म्हणजे स्क्रिप्टिंगचा खालच्या पातळीवरचा मार्ग, कामाला येतो. ‘एक्झिक्यूटअ‍ॅक्शनगेट’ने लेयरचं वर्णन मागवलं की त्यात ‘लेयरकाइंड’ नावाचा एक आकडा मिळतो. 1 म्हणजे पिक्सेल, 2 म्हणजे अ‍ॅडजस्टमेंट, 3 मजकूर, 4 शेप, 5 स्मार्ट ऑब्जेक्ट, 7 ग्रुप, 11 खरा सॉलिड कलर. शेप आणि सॉलिड कलर इथे वेगळे पडतात. उलट सगळ्या अ‍ॅडजस्टमेंटना मिळून एकच 2 आहे, म्हणजे आधीची पद्धत जिथे लंगडी तिथे ही धड आणि ही लंगडी तिथे ती. 2 आला की त्याच वर्णनातली ‘अ‍ॅडजस्टमेंट’ ही यादी उघडायची; तिच्या पहिल्या वस्तूचा प्रकार ‘टाइपआयडीटूस्ट्रिंगआयडी’मधून काढला की ‘कर्व्हज’, ‘ह्यूसॅच्युरेशन’ अशी नावं येतात. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट मात्र ‘ब्राइटनेसइव्हेंट’ या नावाने हजर होतो आणि थ्रेशोल्ड ‘थ्रेशोल्डक्लासइव्हेंट’ म्हणून. या नावांमागे तर्क शोधत बसू नका, आहेत तशी उतरवून घ्या.

काइंड प्रकार सांगतो, पण कर्व्ह किती वाकवला आहे, सॅच्युरेशन किती चढवलं आहे, हे त्याला विचारता येत नाही. ते आकडेही अ‍ॅक्शन मॅनेजरच्याच वर्णनात खोल शोधावे लागतात. तुम्हाला फक्त बंद-चालू करायचं असेल तर त्या खोलात शिरण्याचं काही कारण नाही. त्यापेक्षा ‘ग्रुप्ड’ हा गुणधर्म तपासा. नाव ग्रुपचं असलं तरी हा लेयर खालच्या लेयरला क्लिप केला आहे का, ते तो सांगतो. नवरीच्या एकाच फोटोला क्लिप केलेला कर्व्हज आणि अख्ख्या पानावर पसरलेला कर्व्हज यांना एकाच काठीने हाकलं की पानाचा रंग बिघडतो.

काही अ‍ॅडजस्टमेंट कोणत्याही स्क्रिप्टला लेयर म्हणून सापडणार नाहीत, कारण ते लेयर नाहीतच. स्मार्ट ऑब्जेक्टवर इमेज मेन्यूतून लावलेले कर्व्हज स्मार्ट फिल्टर होऊन बसतात. लेयरचा काइंड ‘स्मार्टऑब्जेक्ट’ एवढाच राहतो. शॅडोज-हायलाइट्सचा तर स्वतंत्र अ‍ॅडजस्टमेंट लेयर होतच नाही. आणि स्मार्ट ऑब्जेक्टच्या आत दडलेल्या लेयरपर्यंत पोचायचं, तर त्याची आतली फाइल उघडावी लागते.

क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये हा मामला जास्त सरळ आहे. तिथे पायथॉनमधून नोडचा ‘टाइप’ विचारला की ‘फिल्टरलेयर’ असं उत्तर येतं आणि त्याच्या फिल्टरला नाव विचारलं की नेमका प्रकार कळतो. पण तुमच्या धंद्यातल्या टेम्प्लेट पीएसडीतच येतात, म्हणून केवळ यासाठी घर बदलण्यात अर्थ नाही. शेकडो फाइलींत कुठे कोणता अ‍ॅडजस्टमेंट आहे याची नुसती यादी हवी असेल, तर पायथॉनची ‘पीएसडी-टूल्स’ ही मोफत लायब्ररी फोटोशॉप न उघडता त्या खुणा वाचून देते.

तुमच्या कामाला ग्रुपमध्ये शिरणारं फंक्शन, काइंडची तुलना आणि ग्रुप्डची तपासणी एवढं पुरेसं आहे. वीस-पंचवीस ओळींत मावेल. पहिल्यांदा चालवताना मात्र काही बंद करू नका. सापडलेल्या प्रत्येक लेयरचं नाव आणि प्रकार नुसता मजकूर फाइलमध्ये लिहून घ्या, लेयर पॅनेलशी ताडून बघा, आणि मगच ‘व्हिजिबल’ला हात लावा, तोही टेम्प्लेटच्या प्रतीवर.