आंब्याचा मोहोर गळतो : आधीं कारण ओळखावें

परसांतील एकदोन आंब्यांवर घरच्या लोणच्याची व आढीची भिस्त असते. त्यामुळें मोहोर गळूं लागला, कीं शेजाऱ्यानें मारलेलेंच औषध आणून फवारण्याची घाई होते. परंतु भुरीवर गुणकारी असलेला गंधक तुडतुड्यांस आवरीत नाहीं, आणि तुडतुड्यांवरील औषधानें भुरी हटत नाहीं. मोहोराचा काळ थोडा. भलत्या उपायांत आठदहा दिवस गेले, म्हणजे त्या सालच्या फळाची आशा पुष्कळदां सोडावी लागते.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें, कीं सर्वच गळ रोगाची नसते. आंब्याच्या एका तुऱ्यांत शेंकडों फुलें येतात. त्यांतील पुष्कळशीं नरफुलें असून तीं झडावयाचींच. तुऱ्यास शेवटीं एकदोन फळें टिकलीं, तरी झाडाचें ठीक चाललें आहे. तुरा हिरवा व स्वच्छ असतां नुसतीं फुलें झडत असतील, तर औषध मारूं नये.

रोगाची शंका आल्यास पुढील खुणा पाहाव्या.

तुडतुडे : फांदी हालवितांच पाचरीच्या आकाराचे बारीक किडे चटकन् उडतात. ते मोहोराचा रस शोषतात व गोड, चिकट स्राव टाकतात. त्यानें पानें चकाकतात व पुढें त्यांवर काजळीसारखी बुरशी धरते. ही काजळी मूळ रोग नव्हे. किडीचा बंदोबस्त झाल्याविना ती जात नाहीं. दाट, सावलीच्या झाडांवर हे फार. म्हणून फळें उतरल्यावर गर्दीच्या फांद्या विरळ कराव्या. कीटकनाशक मारणें झाल्यास फुलें उमलण्यापूर्वीं मारावें; उमलल्यावर मारल्यास परागीकरण करणाऱ्या माश्या मरतात.

भुरी : तुऱ्यावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी पूड दिसते. बोटानें पुसली असतां ती बोटास लागते. फुलें न उमलतां वाळतात. यावर पाण्यांत मिसळणारा ८० टक्के गंधक, १० लिटर पाण्यास २० ग्रॅम या प्रमाणानें, ऊन्ह तापण्यापूर्वीं फवारावा.

करपा : दांड्यावर व फुलांवर काळसर ठिपके पडून ते पसरतात, कोंवळ्या पानांवरही तसेच डाग असतात. अवेळीं पाऊस किंवा दाट धुकें पडल्यावर हा बळावतो. रोगट व वाळक्या डहाळ्या छाटून जाळाव्या.

याउलट मोहोरासह एकच फांदी सबंध वाळत असेल, तर तुऱ्याकडे न पाहतां खोडाकडे वळावें. सालीस भोंक व खालीं लांकडाचा भुसा आढळल्यास तें भिरुडाचें काम होय. तारेच्या आंकड्यानें अळी ओढून काढावी, भोंकांत रॉकेलचा बोळा घालून तें चिखलानें लिंपावें.

डोळे फुटूं लागल्यापासून फळ वाटाण्याएवढें होईपर्यंत दर दोनतीन दिवसांनीं झाड चारी बाजूंनीं पाहावें. खूण वेळींच दिसली, तर औषध थोडें लागतें व तें वायां जात नाहीं.