फ्लेक्सवरचे सर

सर गेल्याचं मला शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर कळलं. पुण्याचं हॉस्पिटल, हृदयविकाराचा दुसरा झटका, वय 54. तालुक्याच्या अनुदानित हायस्कूलात 29 वर्षं गणित शिकवलेला माणूस, निवृत्तीला अजून चार वर्षं होती.

मी पतसंस्थेत नोकरी करतो. मयत खातेदारांचे वारस अर्ज घेऊन येतात ते माझ्याच टेबलावर. कुठला कागद कशावाचून अडतो हे मी झोपेतही सांगेन. आणि तरीही सर गेले तेव्हा मला पहिल्यांदा सुचला तो फ्लेक्स. दहा बाय आठ, सरांचा हसरा फोटो, खाली आमच्या बॅचचं नाव सरांच्या नावाएवढ्याच अक्षरात.

दहाव्याच्या आत मी ग्रुपवर माझाच क्यूआर कोड टाकला होता. ‘सरांच्या कुटुंबाला मदतीचा हात.’ रोज रात्री देणाऱ्यांची यादी रकमेसकट टाकायचो, म्हणजे बाकीच्यांना जाग यावी. आली. पंधरा दिवसांत 1,86,500 रुपये जमले. सरांच्या पत्नीला, काकूंना, विचारलं का? नाही. विचारलं तर त्या नको म्हणतील, म्हणून विचारलं नाही, असं मी तेव्हा मोठ्या शहाणपणानं सांगत होतो.

शोकसभा मंगल कार्यालयात झाली. अकरा जण बोलले. सरांमुळे मी इंजिनिअर झालो, सरांमुळे मी अमेरिकेला गेलो. अकरा भाषणांत सर कमी आणि आम्हीच जास्त होतो. शेवटी मी काकूंना स्टेजवर बोलावून पाकीट दिलं आणि फोटोग्राफरनं ‘जरा इकडं बघा’ म्हटलं. काकूंनी बघितलं नाही. डोक्यावरचा पदर एका हातानं धरून त्या पाकिटाकडेच बघत राहिल्या. तो फोटो मी त्याच रात्री ग्रुपवर टाकला.

दोन दिवसांनी सरांच्या मुलीचा फोन आला. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आवाज अजिबात चढवला नाही तिनं. म्हणाली, “दादा, तेवढा फोटो काढून टाकाल का? आई त्यात मागायला आल्यासारखी दिसते. बाबांनी कधी शिकवणीचीसुद्धा फी घेतली नव्हती.”

मी फोटो काढला. पण तोवर तो चार ग्रुपांवर फिरला होता.

पुढे हिशेबावरून वाजलं. मंडप, खुर्च्या, फ्लेक्स, फोटो धरून 31,000 रुपये त्याच वर्गणीतून गेले होते. एकानं विचारलं, मी चिडलो, दोघं ग्रुप सोडून गेले. सीए झालेल्या वर्गमित्रानं तर नंतर वेगळंच सांगितलं: नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात 50,000 रुपयांवर रक्कम भेट आली, तर ती सगळीच्या सगळी उत्पन्नात धरली जाते. काकूंना प्रत्यक्षात कर बसला नाही, कारण त्यांचं दुसरं उत्पन्नच नव्हतं. पण हे आधी विचारायला हवं होतं.

पैसे वाया गेले असं म्हणणार नाही. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला अकरा महिने लागले, तेवढे दिवस घर त्यावरच चाललं. पण अकरा महिने का लागले, ते सांगतो. त्यातले निदान तीन-चार मी वाचवू शकलो असतो.

मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते. सर पुण्यात गेले, म्हणजे दाखला पुणे महापालिकेचा. घरचे मात्र गावाकडच्या नगरपंचायतीत खेटे घालत होते. नोंदीला 21 दिवसांची मुदत असते, त्यानंतर विलंब शुल्क आणि परवानग्या सुरू होतात. आमचा एक वर्गमित्र पुण्यात टेम्पो चालवतो. शाळेत गणितात दोनदा नापास झालेला. त्यानं कुणाला न विचारता तीन दिवस धंदा बुडवून नोंद झाली की नाही ते बघितलं, आणि नावातली एका अक्षराची चूक दाखला छापायच्या आधीच दुरुस्त करून घेतली. दहा प्रती काढून आणल्या. शोकसभेत तो नव्हता, आणि मी बोलावलंही नव्हतं.

मग सेवापुस्तक निघालं. त्यातलं नामनिर्देशन लग्नाआधीचं, सरांच्या आईच्या नावे. त्या 2009 सालीच गेलेल्या. काकूंच्या आधारवर माहेरचं नाव, सेवापुस्तकात सासरी ठेवलेलं. म्हणजे प्रतिज्ञापत्र आलं, राजपत्र आलं, कोर्टातून वारस दाखला आला. हा दाखला आपल्याकडे आजही 1827 सालच्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो, पेपरात जाहीर नोटीस देऊन, हरकतीची मुदत संपेपर्यंत थांबून. हे सगळं झाल्यावर मुख्याध्यापकांकडून प्रस्ताव निघणार, शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणार आणि तिथून मुंबईला महालेखापालांकडे.

ही माझी रोजची भाषा होती. तरी मी सरांच्या घरी कागद घेऊन बसलो तो चौथ्या महिन्यात, मुलीच्या फोनची लाज थोडी निवल्यावर.

तुमचे सर किंवा बाई गेल्या, तर आधी त्यांच्या घरातल्या एका माणसाला बाजूला घेऊन विचारा, कशाची गरज आहे आणि कशाची नाही. वर्गणी काढायचीच असेल तर दोघांच्या सहीचं खातं ठेवा, रकमा जाहीर करू नका, सभेचा खर्च वेगळ्या खिशातून करा. रक्कम घरी जाऊन द्या, चहा घ्या, उठा. मृत माणसाच्या एटीएम कार्डानं पैसे काढू नका, हेही घरच्यांना सांगा. पिन माहीत असतो म्हणून मुलं काढतात आणि पुढे भावाभावांत किंवा बँकेत तेच निस्तरत बसावं लागतं. सर पेन्शनर असतील तर ते गेल्याचं बँकेला आणि कोषागाराला लगेच कळवा, नंतर जमा झालेलं निवृत्तिवेतन परत घेतात.

पासबुक ओळ न ओळ वाचा. सरांच्या पासबुकात मे महिन्यात 436 रुपयांची एक वजावट होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा होता तो, 2 लाखांचा. एवढंच एक काम मी धड केलं. शिक्षक पतसंस्थेत कर्ज होतं का, सर कुणाला जामीन होते का, हेही बघायचं. काही पतसंस्था मयत सभासदाचं कर्ज ठरावीक मर्यादेपर्यंत कल्याण निधीतून माफ करतात, पण अर्ज आपल्यालाच करावा लागतो.

आमच्याकडे जुनी माणसं कडू घास घेऊन जायची. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाताचा डबा. बोलायचं फारसं काही नाही, डबा ठेवायचा, पाणी भरून द्यायचं, बसायचं. त्या डब्यावर कुणी नाव घातल्याचं मी ऐकलेलं नाही.

यंदा नोव्हेंबरात काकूंना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन गेलो होतो. मशीनवर अंगठा उमटेना. काकूंनी तो पदराला पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा लाल दिवा. “भांडी घासून रेषाच गेल्या,” म्हणाल्या. पाचव्या वेळेला उमटला.

परत येताना रिक्षात त्यांनी अचानक विचारलं, “वर्गात ते हसायचे का रे? घरी फार कमी.”

अकरा भाषणांत ह्याचं उत्तर नव्हतं. मी सांगितलं, सर फळ्यावर कंपासशिवाय, नुसत्या हातानं वर्तुळ काढायचे. खडू मोडून अर्धा घ्यायचे, म्हणजे किर्र होत नाही. एकदा वर्तुळ पुरं झालं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ह्याला उकडायचं की फोडायचं?” सर वळले, फळ्याकडे बघितलं, खरंच अंडं झालं होतं. मग टेबलाला धरून इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तास तिथंच संपला.

“कोण होता तो?”

“आपला टेम्पोवाला.”

काकू बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. घर आलं तशी म्हणाल्या, “त्याला फोन लाव.”