एक वासरू आणि पाच हक्कदार

हे बघ, तुझ्या रोल-प्ले खेळाची पात्रं वाचली. शेरीफ सरळमार्गी, रँचवाला खलनायक, सलूनवाली वरून खमकी आणि आतून मायाळू. राग मानू नकोस, पण शनिवारी तुझी मंडळी पाच मिनिटांत शेरीफच्या बाजूला जाऊन बसतील. मग उरेल नुसता गोळीबार. तो फासेही करतात, त्यासाठी गेम मास्टर कशाला हवी?

वायोमिंगच घ्यायचं तर जॉन्सन काउंटी घे, साल १८९२. आणि सुरुवात माणसांपासून नको, ओढ्याकाठी चरणाऱ्या, डाग न दिलेल्या एका वासरापासून कर. अशा वासराला तिकडे मॅव्हरिक म्हणत. १८८४च्या कायद्याने ती गोळा करून विकण्याचा कारभार बड्या पशुपालकांच्या संघटनेकडे गेला. म्हणजे कागदोपत्री वासरू त्यांचं. मग १८८६-८७च्या हिवाळ्यात कळपच्या कळप गारठून मेले, रँचवाले अडचणीत आले, काउबॉय बेकार झाले. त्यातल्या कुणी चार गुरं जमवून स्वतःचा डाग धरला, तर संघटना त्याला काळ्या यादीत टाकी. आता सांग, ते वासरू चोरीचं की हक्काचं?

उत्तर येत नाही ना? तिथेच तुझा खेळ आहे.

रँचच्या मॅनेजरला दुष्ट करू नकोस गं. त्याचे भागधारक स्कॉटलंडात बसून हिशेब मागतायत आणि हिवाळ्यात नेमकी किती गुरं गेली हे त्याने अजून कळवलेलं नाही. काउबॉय कालपर्यंत त्याच्याच हाताखाली होता, आजही त्याला ‘साहेब’ म्हणतो. शेरीफ छोट्या लोकांच्या मतांवर निवडून आलाय. कायदा बड्यांचा आणि ज्यूरीत बसणार त्याचे शेजारी. चौथा टेक्सासहून आणलेला बंदूकवाला. बड्या पशुपालकांनी त्या साली जॉन्सन काउंटीवर खरोखरच अशी टोळी नेली होती; तिच्यातल्या बंदूकवाल्यांना रोजचे ५ डॉलर आणि दर मुडद्यामागे ५० डॉलर कबूल केले होते. तुझ्या बंदूकवाल्याला सांगितलंय की आपण चोरांवर वॉरंट बजावायला चाललोय. वॉरंट कुठाय, हे तो कधी विचारेल? आणि पाचवा डॉक्टर. हो, त्या टोळीने सोबत डॉक्टर नेला होता, वार्ताहरसुद्धा! मला विचारशील तर टेबलावरचं सगळ्यात अवघड पात्र तेच.

हेतू लिहिताना मात्र ‘प्रतिष्ठा हवी’, ‘सूड हवा’ असलं मोघम लिहू नकोस. ते खेळता येत नाही. ‘उद्या सकाळपर्यंत शेरीफने त्या काउबॉयला अटक करावी’, हे खेळता येतं, कारण ते समोर बसलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचंय. प्रत्येकाचं काम दुसऱ्या कुणावाचून अडलं पाहिजे, आणि ते साधताना हातचं काहीतरी जायला हवं.

सलूनवालीला रजा दे. त्याच वायोमिंगात, स्वीटवॉटर खोऱ्यात, १८८९ साली एला वॉटसनला फासावर लटकवलं. वर्तमानपत्रांनी तिला गुरंचोर आणि वेश्या ठरवलं. खरं तर तिने जमिनीवर दावा लावला होता, तिची स्वतःची गुरं होती, विकत घेतलेला डाग होता. बाई घालायची तर अशी घाल, जिच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी आहे. आणि ‘मोकळी जमीन’ हे शब्द कुठे आले असतील तर खोड. पावडर नदीचा तो मुलूख १८६८च्या तहाने लकोटा या मूलनिवासी लोकांच्या शिकारीसाठी राखलेला होता, दहा वर्षांच्या आत काढून घेतला. कुणी लकोटा पात्र घेतलंच तर त्याला वाटाड्या करू नकोस, त्याचं त्याला काहीतरी हवं असू दे.

वेळेचा दाब हवाच. टोळीने बफेलो गावाला खबर लागू नये म्हणून तारा तोडल्या. वाटेत केसी रँचवर नेट चॅम्पियन या छोट्या गुरंवाल्याने त्यांना दिवसभर रोखलं आणि मारला गेला, पण तेवढ्यात खबर गेली. मग टीए रँचवर दोनशेहून अधिक लोकांनी टोळीलाच वेढलं, आणि तारा तोडणाऱ्यांचा जीव राष्ट्राध्यक्ष हॅरिसनना गेलेल्या तारेमुळे वाचला. घोडदळ आलं ते त्यांच्या सुटकेला. म्हणून तारघर नकाशावर ठळक दाखव, आणि तोडलेली तार जोडता येणारा एकच माणूस ठेव. तो कुणाचा मिंधा आहे, ते खेळणाऱ्यांनाच शोधू दे.

शेवट लिहून ठेवू नकोस. प्रत्यक्षातही १८९३च्या जानेवारीत टोळीवरचा खटला बारगळला, काउंटीला खर्च झेपेना, कुणालाच शिक्षा नाही. डॉक्टर अजून कुणाला दिला नसशील तर मला दे, मी येतेय.