सुई टोचण्याआधी दोन शब्द

वाणगाव, बोईसर, तारापूर या पट्ट्यात मिरचीच्या वाडीवर किंवा कारखान्यात राबणारा माणूस तापाने फणफणला की दवाखान्यात पहिले वाक्य बोलतो, "डॉक्टर, सुई मारा." म्हणून डॉक्टरला सुई द्यायला कसे शिकवतात, हे आपल्यालाही ठाऊक असावे.

वैद्यकीय विद्यार्थी आधी पुतळ्यावर हात बसवतो, मग शिक्षकांच्या देखरेखीखाली माणसाला सुई देतो. हात धुवायचे, औषधाचे नाव व मुदत वाचायची, नवी सीलबंद सिरिंज फोडायची. दंडाच्या स्नायूत सुई सरळ, काटकोनात जाते. बीसीजी मात्र डाव्या दंडावर, त्वचेच्या आतच, जवळजवळ आडवी देतात. तान्ह्या बाळाला स्नायूत द्यायची लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूस टोचतात, ढुंगणावर नाही. तिथून पायाची मोठी नस जाते. तिला इजा झाली तर पाय लुळा पडू शकतो.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही; ती लगेच कटरने तोडायची. एक सुई, एक सिरिंज, एकदाच. 2009 साली शेजारच्या गुजरातेत, मोडासा भागात, वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बी ही कावीळ पसरली आणि कितीतरी जीव गेले.

दुसरा धडा बोलण्याचा. 2019 पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद हे रीतसर शिकवले जातात. विद्यार्थ्याने आपले नाव सांगावे, आपण अजून शिकतो आहोत हे सांगावे, काका, ताई अशी आदराने हाक मारावी आणि परवानगी घ्यावी. "पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या का?" हे विचारावे. "काही दुखत नाही" असे खोटे न बोलता, "थोडे टोचेल, दंड सैल सोडा" असे सांगावे. आखडलेल्या स्नायूत सुई जास्त दुखते.

बाळाला लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली व ती कोणत्या आजारापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो व तेव्हा काय करायचे, पुढची लस कधी, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचे. त्यानंतर अर्धा तास तिथेच थांबायचे. टोचलेली जागा चोळायची नाही.

आता आपले काम. सुई घेण्याआधी तीन प्रश्न विचारा: हे औषध कशासाठी? गोळीने भागेल का? सिरिंज नवी आहे का, माझ्यासमोर फोडाल का? साध्या सर्दी-तापाला बहुतेक वेळा सुई लागत नाही. साध्या जुलाबात ओआरएसचे पाणी पाजत राहणे हाच मुख्य उपचार असतो.

प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. "तुम्हाला काय कळतं?" असे कोणी म्हटले तरी गप्प बसू नका. समजेल अशा भाषेत उत्तर देणे हा त्या डॉक्टरच्या शिक्षणाचाच भाग आहे.