सहलीला जाऊ, पाण्याजवळ सावध राहू

पाऊस उघडला की वस्त्यांमधली महिला मंडळे एका दिवसाची सहल काढतात. नगरहून किंवा पुण्याहून सकाळी निघाले की राळेगणसिद्धी आरामात पाहून होते. कमी पावसाच्या या गावाने 1975 नंतर नाले अडवून, पाझर तलाव करून पाणी जमिनीत कसे मुरवले, ते मुलांना प्रत्यक्ष दाखवता येते. दुपारी त्याच पारनेर तालुक्यातले निघोज बघायचे. तिथे कुकडी नदीच्या काळ्या खडकात रांजणखळगे आहेत. अशी सहल जरूर काढा. रोजच्या कामातून एक दिवस मोकळा मिळणे हेही आरोग्यच आहे.

मात्र पाण्याची ओळख करून घेऊनच निघा. आपल्यापैकी अनेकींना पोहता येत नाही. गावात मुले पोहायला शिकायची ती विहिरीत, आणि त्या विहिरी आपल्या आजी-आजोबांना बंद होत्या. पाण्याच्या हक्कासाठी बाबासाहेबांना 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला. हक्क मिळाला, पण पोहणे आपोआप येत नाही.

धोका कुठे असतो?

रांजणखळगे प्रवाहात गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कोरले गेले आहेत. त्यांच्या कडा गुळगुळीत असतात, आत पाय टेकत नाही आणि धरायला काही सापडत नाही. वरच्या धरणातून पाणी सोडले की नदी वाढते. पाझर तलावाचा काठ वरून कोरडा दिसला तरी खाली गाळ असतो. धबधब्याचे पाणी तर काही मिनिटांत चढते. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील एक बाई आणि चार मुले वाहून गेली. म्हणून पाणी गढूळ झाले, आवाज वाढला किंवा काडीकचरा वाहत आला, तर फोटो सोडून लगेच वर या.

कुणी बुडत असेल तर

पोहता येत नसेल तर पाण्यात उडी घेऊ नका. बुडणारा माणूस जिवाच्या आकांताने गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठावर पालथे पडून साडी, ओढणी, काठी किंवा दोर फेका. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन तरंगतो, तोही फेका. बाकीच्यांनी मदतीला हाका माराव्यात आणि 108 किंवा 112 ला फोन लावावा.

बाहेर काढल्यावर

पोट दाबू नका, उलटे टांगू नका. त्याने उलटी होऊन ती फुप्फुसात जाते आणि मोलाचा वेळ वाया जातो. हाक मारून प्रतिसाद नसेल आणि श्वास चालत नसेल, तर उताणे झोपवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने 2 श्वास द्या. मग छातीच्या मधोमध जोरात 30 वेळा दाबा. मोठ्या माणसाची छाती साधारण 5 सेंटीमीटर खाली गेली पाहिजे. वेग मिनिटाला 100 ते 120. पुन्हा 2 श्वास, पुन्हा 30 दाब. श्वास सुरू होईपर्यंत किंवा रुग्णवाहिका येईपर्यंत आळीपाळीने करत राहा. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल, तर कुशीवर झोपवा. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्याच. काही तासांनीही धाप लागू शकते.

निघण्यापूर्वी

• प्रत्येक चार मुलांमागे एक मोठी बाई नेमा. ती पाण्याजवळ मोबाईल बघणार नाही.
• लांब दोर, रिकामा कॅन, ओआरएसची पाकिटे आणि रोजच्या गोळ्या सोबत घ्या.
• दारू प्यालेल्याला पाण्याकडे जाऊ देऊ नका.
• पाणी आज कसे आहे, हे तिथल्या गावकऱ्यांना विचारा आणि त्यांचे ऐका.

सहलीच्या आधीच्या रविवारी विहारात सगळ्यांना जमवा आणि उशीवर छाती दाबण्याचा सराव करून घ्या. अर्धा तास पुरतो. वेळ आलीच, तर हात घाबरणार नाहीत.