दुर्बिणीचा आरसा आणि लेझरचा किरण

(दूरचे ग्रह-तारे स्पष्ट दाखवणाऱ्या दुर्बिणीत आरसे कसे बसवलेले असतात, ते किंचित हलले तर काय होते आणि त्यांना पुन्हा जागेवर आणण्यासाठी लेझरचा उपयोग कसा करतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

पुणे-सोलापूर महामार्गावरचे टेंभुर्णी गाव दिवसभर गजबजलेले असते. एस.टी. गाड्या, मालट्रक आणि हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या यांची रहदारी रात्रीही थांबत नाही. पण महामार्ग सोडून उसाच्या फडांकडे थोडे आत गेले, की दिव्यांचा उजेड मागे राहतो. हिवाळ्याच्या रात्री तेथून मृग नक्षत्र छान दिसते. त्याच्या जवळच तांबूस रंगाचा रोहिणी तारा चमकतो. अरबी ज्योतिर्विदांनी याच ताऱ्याला 'अद्-दबरान', म्हणजे 'मागून येणारा', असे नाव दिले. तो कृत्तिकांच्या मागोमाग उगवतो, म्हणून हे नाव.

तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. शनीची कडी मात्र तशी दिसत नाहीत. त्यासाठी दुर्बीण हवी. 'दुर्बीण' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. तो फारसीतून मराठीत आला. दूरचे पाहणारी ती दूरबीन!

दुर्बिणींचे मुख्य प्रकार दोन. एकीत भिंगे असतात, तर दुसरीत आरसे. आरशाची पहिली दुर्बीण आयझॅक न्यूटन यांनी १६६८ मध्ये तयार केली. तिची रचना अगदी सोपी आहे. एका लांब नळीच्या तळाशी मोठा अंतर्गोल आरसा बसवलेला असतो. ताऱ्याचा प्रकाश नळीच्या उघड्या तोंडातून आत येतो, या आरशावर पडतो आणि गोळा होत मागे फिरतो. वाटेत एक लहान सपाट आरसा तिरका बसवलेला असतो. तो या प्रकाशाला काटकोनात वळवून नळीच्या बाजूला पाठवतो. तेथे नेत्रिका असते. तिला डोळा लावून आपण तारा पाहतो.

महाराष्ट्राला अशा दुर्बिणींची ओळख जुनी आहे. १८८८ मध्ये पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा स्थापन झाली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला तिचे प्रमुख होते. तेथे २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती. त्या काळी एवढी मोठी दुर्बीण भारतात दुसरी नव्हती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि तिची साधने कोडाईकनालला गेली. पुढे १९८८ मध्ये पुण्यातच 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे २००६ पासून आयुकाची दुर्बीण काम करू लागली. तिच्या आरशाचा व्यास दोन मीटर आहे.

शाळेसाठी एवढी मोठी दुर्बीण लागत नाही. ६ इंची आरसा पुरेसा होतो. हौशी आकाशनिरीक्षक असे आरसे हाताने घासूनही तयार करतात.

समजा, एखाद्या शाळेने अशी दुर्बीण आणली. आरसा उत्तम आहे, आकाश स्वच्छ आहे. मुले ओळीने उभी आहेत. पहिला मुलगा नेत्रिकेला डोळा लावतो. शनीऐवजी त्याला एक फुगीर, पिवळट डाग दिसतो. ताऱ्याकडे दुर्बीण वळवली, तर ताऱ्याला एका बाजूने शेपूट फुटलेले दिसते. मुलगा हिरमुसतो आणि काही न बोलता बाजूला होतो. पुस्तकातले चित्र खोटे असावे, असे त्याला वाटते. ओळीतल्या शेवटच्या मुलापर्यंत प्रत्येकाचे असेच होते. दुर्बीण मग कपाटात जाते आणि तेथेच राहते.

असे का झाले? दुर्बीण गाडीतून आणताना हादरे बसले. मुख्य आरशामागे तीन स्क्रू असतात. हादऱ्यांनी त्यांतला एखादा थोडासा फिरला आणि आरसा कलला. किती कलला असेल? स्क्रू आरशाच्या मध्यापासून ६० मिलिमीटरवर आहेत आणि एका फेऱ्यात ते एक मिलिमीटर पुढे सरकतात, असे धरू. मग एक स्क्रू फेऱ्याचा फक्त सहावा भाग फिरला, तरी आरसा सुमारे एक दशांश अंशाने कलतो. नजरेला हा फरक कळतही नाही. पण दोन्ही आरसे आणि नेत्रिका यांचे मध्य एका मार्गावर नसले, की प्रतिमा बिघडू लागते.

पूर्वी हे आरसे केवळ नजरेने जुळवत असत. नेत्रिका काढून तिच्या जागी बारीक छिद्राचे झाकण लावायचे आणि त्यातून आत पाहायचे. लहान आरशात मोठा आरसा दिसे, मोठ्या आरशात पुन्हा लहान आरसा दिसे. ही सगळी वर्तुळे एकाच मध्याभोवती आणावी लागत. एकाने छिद्रातून पाहायचे आणि दुसऱ्याने नळीच्या टोकाशी स्क्रू फिरवायचा. "थोडा इकडे, थोडा तिकडे," असे बराच वेळ चाले. सरावलेल्या माणसाला हे आजही चांगले जमते. नवख्याला मात्र कोणते वर्तुळ कशाचे, हेच उमगत नाही.

येथे लेझर मदतीला येतो. अमेरिकेतील थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेझर तयार केला. बॅटरीचा प्रकाश पसरत जातो. लेझरचा किरण मात्र बारीक राहतो आणि सरळ जातो. म्हणून प्रकाशाची वाट दाखवण्यासाठी तो फार सोयीचा आहे. दुर्बिणीच्या कामासाठी मंद, लाल प्रकाशाचा लेझर एका छोट्या नळीत बसवलेला मिळतो. ही नळी नेत्रिकेच्या जागी घट्ट बसते.

पण आधी लेझरचीच परीक्षा घ्यावी लागते. खाचा पाडलेल्या दोन लाकडी ठोकळ्यांवर त्याची नळी ठेवतात आणि किरण समोरच्या भिंतीवर पाडतात. मग नळी जागच्या जागी गोल फिरवतात. ठिपका भिंतीवर एकाच जागी राहिला, तर किरण सरळ आहे. ठिपका वर्तुळात फिरू लागला, तर लेझरच नळीत तिरपा बसला आहे. अशा लेझरवर विसंबून आरसे जुळवले, तर आरसेही तिरपेच बसतील. दुसऱ्याचा वाकडेपणा दाखवणारा आधी स्वतः सरळ हवा!

यानंतरचे काम दोन पायऱ्यांत होते. मुख्य आरशाच्या बरोबर मध्यावर एक लहान कडे चिकटवलेले असते. लहान आरसा बरोबर मधे असल्यामुळे या भागावर ताऱ्याचा प्रकाश पोचत नाही. त्यामुळे त्या कड्याने प्रतिमा बिघडत नाही. पहिल्या पायरीत लहान आरशाचे स्क्रू हलक्या हाताने फिरवून लाल ठिपका त्या कड्यात आणतात. दुसऱ्या पायरीत मुख्य आरशाचे स्क्रू फिरवतात. मुख्य आरशावरून परत फिरलेला किरण लहान आरशावर येतो आणि तेथून लेझरच्या नळीकडे जातो. तो ज्या छिद्रातून निघाला, त्याच छिद्रात परत आला, की आरसे जुळले.

किरण आल्या वाटेनेच परत का जातो? आरशावर किरण ज्या कोनात येतो, त्याच कोनात परावर्तित होतो. हा नियम ग्रीकांनाही ठाऊक होता. इब्न अल्-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या आरंभी 'किताबुल मनाझिर' या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे त्याचा सखोल अभ्यास मांडला. किरण आरशावर अगदी लंब पडला, तर तो त्याच वाटेने मागे जातो. आरसा जरा कलला, तर परतीचा किरण दुप्पट कोनाने वळतो. आपल्या आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर धरले, तर एक दशांश अंशाच्या कलण्याने परतीचा ठिपका सुमारे ४ मिलिमीटर बाजूला पडतो. डोळ्यांना न दिसणारी चूक लेझर अशी मोठी करून दाखवतो.

तरीही शेवटचा निकाल ताऱ्याकडूनच घ्यायचा. यासाठी ध्रुवतारा चांगला, कारण तो जागचा फारसा हलत नाही. टेंभुर्णीहून तो उत्तरेला, क्षितिजापासून सुमारे १८ अंश उंचीवर दिसतो. दुर्बीण त्याच्यावर रोखून प्रतिमा मुद्दाम थोडी अंधूक करतात. मग ताऱ्याभोवती प्रकाशाची कडी दिसतात. सगळी कडी एकाच मध्याभोवती असली, म्हणजे काम फत्ते! मोठे शास्त्रज्ञही ताऱ्याचीच साक्ष काढतात. २०२२ च्या फेब्रुवारीत जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीने एका ताऱ्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा एका ताऱ्याचे अठरा ठिपके दिसले. तिचा आरसा अठरा तुकड्यांचा आहे आणि तुकडे अजून जुळायचे होते. काही आठवड्यांत ते जुळवले, तेव्हा अठरा ठिपक्यांचा एकच तारा झाला.

लेझरचा दुसरा उपयोग नेम धरण्यासाठी होतो. दुर्बिणीतून आकाशाचा फारच लहान तुकडा दिसतो. त्यामुळे हवा तो तारा सापडायला वेळ लागतो. काही निरीक्षक नळीवर हिरवा लेझर बसवतात. हवेतील कण त्याचा प्रकाश विखुरतात. म्हणून अंधारात ती हिरवी रेघ आकाशात गेलेली दिसते. एक ठळक तारा नेत्रिकेच्या मध्यावर आणायचा आणि रेघेचे टोक त्याच ताऱ्यावर येईल असा लेझर बसवायचा. पुढे रेघ नेऊ तिकडे दुर्बीण पाहते.

ही सोय आहे, तसा धोकाही आहे. लेझरचा किरण डोळ्यात गेला, तर डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. हिरवा किरण विमानचालकाच्या किंवा महामार्गावरच्या ट्रकचालकाच्या डोळ्यांवर पडला, तर तो क्षणभर आंधळा होतो आणि त्या क्षणात अपघात घडू शकतो. म्हणून लेझर शिक्षकांच्याच हाती असावा. तो माणसे, जनावरे, वाहने किंवा विमाने यांच्याकडे कधीही रोखू नये. आरसे जुळवताना नळीचे तोंड भिंतीकडे ठेवावे आणि समोर कोणी उभे राहू नये. आरशावरचा ठिपका बाजूनेच पाहावा, कारण परतलेला किरणही लेझरचाच असतो. आणखी एक खबरदारी : दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये.

एवढी काळजी घेतली, तर हे काम दहा-पंधरा मिनिटांचे आहे. दुर्बीण हलवली, की प्रत्येक वेळी आरशांची खातरजमा करावी. मग ओळीतल्या पहिल्या मुलाला शनीची कडी दिसतील आणि शेवटच्यालाही दिसतील.

शब्दार्थ
अंतर्गोल आरसा – आत खोल असलेला आरसा, मुकअ्अर आईना
किरण – शुआ
परावर्तित होणे – आदळून मागे फिरणे, मुनअकिस होना
लंब – काटकोनात असलेला, अमूद
मध्य – मरकज
नेत्रिका – दुर्बिणीत डोळा लावण्याचे भिंग
हिरमुसणे – निराश होणे, मायूस होना
खातरजमा करणे – खात्री करून घेणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आरशाची पहिली दुर्बीण कोणी व केव्हा तयार केली?
(आ) रोहिणी ताऱ्याच्या अरबी नावाचा अर्थ काय?
(इ) पुण्याच्या जुन्या वेधशाळेचे प्रमुख कोण होते?

प्र. २. कारणे द्या.
(अ) दुर्बिणीच्या आधी लेझरची परीक्षा घ्यावी लागते.
(आ) आरसे जुळले की नाही, हे पाहण्यासाठी ध्रुवतारा निवडतात.
(इ) लेझर शिक्षकांच्याच हाती असावा.

प्र. ३. लेझरने आरसे जुळवण्याची कृती तुमच्या शब्दांत क्रमाने लिहा.

प्र. ४. 'दुर्बीण' हा शब्द फारसीतून मराठीत आला. नजर, फरक, खबरदारी, खातरजमा हे शब्द उर्दूत कसे लिहितात ते लिहा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : पुठ्ठ्याला एक बारीक उभी चीर पाडा. अंधाऱ्या खोलीत साध्या बॅटरीचा प्रकाश त्या चिरेतून टेबलावर उभ्या केलेल्या आरशावर पाडा. कागदावर येणाऱ्या व परतणाऱ्या किरणांच्या रेषा काढून त्यांचे कोन मोजा. या प्रयोगासाठी लेझर वापरू नका.