धावणारे पाऊल आणि घडणारे हाड

सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा पर्जन्यछायेचा प्रदेश होय. तेथील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिक सामन्यांत ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्याचे ७ खड्डे ओलांडावे लागतात. अशा धावपटूच्या हृदयाची व फुप्फुसांची वाखाणणी सर्वजण करतात. प्रत्येक उडीचा भार ज्या हाडांनी झेलला, त्यांची आठवण सहसा कोणास होत नाही.

हाड म्हणजे घराच्या खांबासारखी निर्जीव वस्तू, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. ती प्रथम दूर करावी. हाडात जुना भाग पोखरून काढणाऱ्या आणि नवा भाग रचणाऱ्या पेशींचे काम जन्मभर चालू असते. कोठे किती रचावयाचे, हे बऱ्याच अंशी भारावरून ठरते. जर्मन शल्यवैद्य ज्युलियस वोल्फ यांनी हे तत्त्व १८९२ साली ग्रंथरूपाने मांडले. धावताना पाऊल टेकते तेव्हा शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार पायावर येतो. ३० किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत तो ६० ते ९० किलो भरतो. त्या भाराने हाड डोळ्यांस न दिसेल इतके वाकते, त्याच्या सूक्ष्म नलिकांतील द्रव हलतो आणि तेथील पेशींना नव्या रचनेची सूचना मिळते. उलट, भार नाहीसा झाला की हाड झिजू लागते. अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातील खनिज महिन्याला एक टक्क्याहून अधिक घटू शकते. वर्गात कोणाचा पाय प्लास्टरमध्ये राहिला असेल तर तेच उदाहरण घ्यावे. प्लास्टर काढल्यावर पाय बारीक दिसतो. मांसाबरोबर आतील हाडही विरळ झालेले असते.

येथे एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. तोच तो भार सतत मिळाला तर काही आवर्तनांनंतर हाड त्यास प्रतिसाद देईनासे होते; काही तास विसावा मिळाला की ते पुन्हा सजग होते. म्हणून हाडाच्या दृष्टीने मैदानाच्या एकसुरी दहा फेऱ्यांपेक्षा सकाळी थोड्या व दुपारी थोड्या उड्या अधिक गुणकारी. आपली लंगडी, दोरीवरच्या उड्या आणि दिशा बदलत पळावयाचा खो-खो यांत हे सारे आयतेच साधते. लंगडीत तर सर्व शरीराचा भार एका पायावर येतो. कृष्णाकाठी सांगलीकडे मुले पोहतात. तो व्यायाम हृदयास उत्तम, परंतु पाणी शरीराचे वजन तोलून धरते, त्यामुळे हाडांस त्याचा लाभ थोडा. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लहान मुलांकडून आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी १०० उड्या, असे सात महिने करवून घेतले. त्यांच्या खुब्याच्या व कण्याच्या हाडांत इतर मुलांहून अधिक भर पडली.

हे सारे वयावर अवलंबून आहे. वाढीच्या भरातील अवघ्या दोन वर्षांत प्रौढपणीच्या हाडाचा सुमारे चौथा हिस्सा तयार होतो. मुलींच्या बाबतीत हा काळ साधारणतः सहावी-सातवीच्या सुमारास येतो, मुलांचा त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी. आणि नेमक्या याच वयात 'आता मोठी झाली' म्हणून मुलीस मैदानाच्या कडेला बसविले जाते. शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणितास दिला जातो. दप्तरात मात्र तो झाल्याची नोंद व्यवस्थित सापडते. गणित पुढील वर्षीही शिकविता येते. हाडाची ही दोन वर्षे परत येत नाहीत.

केवळ भाराने मात्र हाड बनत नाही. उपाशी मुलास धावविणे अपायकारकच. पाटण व जावळीकडील नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिला दूध व सकाळच्या उन्हाची जोड हवी. एखाद्या विद्यार्थ्याची नडगी एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल व दुखणे धावताना वाढत असेल, तर हाडास सूक्ष्म तडा गेल्याचा संशय घ्यावा. त्याचे धावणे तत्काळ थांबवून त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.